बिदागी न ठरवता काढलेली सहा चित्रं

प्रश्न : जेम्स बॅरी या आयरिश चित्रकाराने लंडनमधल्या एका सभागृहासाठी सात वर्षं खपून चित्रं काढली आणि मोबदला मागितला नाही, असं वाचलं. हा दानशूरपणा म्हणायचा की वेडेपणा?
– एक वाचक, सातारा

उत्तर : दोन्ही नाही. बॅरीला पैशापेक्षा महाग असलेली गोष्ट हवी होती : मोकळीक.

बॅरी (१७४१–१८०६) कॉर्कचा. राजकारणी-विचारवंत एडमंड बर्कच्या मदतीने तो इटलीत राहिला आणि ग्रीक-रोमन कलेने भारून परतला. पुराण-इतिहासातले मोठे प्रसंग रंगवणं हीच खरी चित्रकला, असं त्याचं ठाम मत. लंडनच्या रॉयल अकादमीतही अशा चित्रांचा मान पहिला. पण इंग्लंडात पैसा मोजला जाई तो व्यक्तिचित्रांना. ‘सोसायटी ऑफ आर्ट्स’ने १७७४ मध्ये आपलं सभागृह सजवण्याचा प्रस्ताव चित्रकारांपुढे ठेवला, तेव्हा त्यांनी नकार दिला. १७७७ मध्ये बॅरीने एकट्याने काम अंगावर घेतलं. कॅनव्हास, रंग आणि मॉडेल यांचा खर्च संस्थेचा. विषय आणि मांडणी मात्र सर्वस्वी त्याची. त्या काळात पोट भरायला तो इतर किरकोळ कामं करी.

मानवी संस्कृतीची वाटचाल सांगणारी सहा तैलचित्रं १७८४ पर्यंत पुरी झाली. सुरुवात ग्रीक पुराणातल्या ऑर्फियसपासून, शेवट थोरामोठ्यांच्या स्वर्गात. ऑलिंपियातल्या विजेत्यांचं चित्र तर सुमारे ४२ फूट लांब! त्यात कोपऱ्यात बसलेल्या प्राचीन चित्रकार टिमांथीसला बॅरीने स्वतःचाच चेहरा दिला. थेम्स नदीच्या चित्रात जलपऱ्यांच्या घोळक्यात संगीतज्ञ चार्ल्स बर्नी चक्क केसांच्या टोपासकट पाण्यात उतरलेले दिसतात. त्यावरून लोकांनी थट्टा केली. बॅरीने बर्नींना बाहेर काढलं नाही.

संस्थेने पुढे त्याला सुवर्णपदक दिलं, प्रदर्शनाचं उत्पन्नही दिलं. पण याच हटवादी स्वभावापायी त्याने सहकाऱ्यांवर जाहीर तोफा डागल्या आणि १७९९ मध्ये रॉयल अकादमीने तिथे प्राध्यापक असलेल्या बॅरीची हकालपट्टी केली.

सभागृहातल्या चित्रांवरचा त्याचा हक्क मात्र सुटला नाही. थेम्सच्या चित्रात १८०१ मध्ये त्याने आरमाराच्या गौरवाचा एक उंच मनोरा नव्याने रंगवला. रोख पैसे मोजून चित्र विकत घेतलेल्या कुठल्या गिऱ्हाइकाने सतरा वर्षांनी चित्रकाराला पुन्हा त्यावर ब्रश फिरवू दिला असता?