शाळेचा स्वतःचा खेळ-सर्व्हर : उभारणी, उपयोग आणि जबाबदारी

सोलापूर हे विणकरांचे शहर. येथील चादरीवरील नक्षी मागावर येण्यापूर्वी चौकटींच्या कागदावर उतरत असे. एकेक चौकट भरत कारागीर मोर किंवा वेलबुट्टी सिद्ध करी आणि त्याबरहुकूम जकार्ड मागाच्या पुठ्ठ्यांना छिद्रे पाडली जात. लहानशा चौकटींतून मोठी आकृती साकारण्याचे हेच तत्त्व संगणकावरील एका लोकप्रिय खेळप्रकारात आढळते. फरक इतकाच की, तेथे चौकटीच्या जागी घनाकृती ठोकळा असतो आणि आकृतीला लांबी-रुंदीबरोबर उंचीही लाभते.

या प्रकाराला ‘सँडबॉक्स’ म्हणजे वाळूच्या हौदाचा खेळ म्हणतात. त्यात ठरलेली शर्यत नसते. खेळणाऱ्याने आपल्या कल्पनेने घर, पूल, किल्ला वा गाव रचावे, अशी अपेक्षा असते. २००९ मध्ये प्रथम लोकांपुढे आलेला ‘माइनक्राफ्ट’ हा यातील सर्वांत प्रसिद्ध खेळ होय. २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या होत्या. ग्रामीण विद्यार्थ्यांच्या हातीही आज मोबाइल संच असल्याने हे खेळ खेड्यापाड्यांत पोहोचले आहेत. मुले ते खेळतात की नाही, हा प्रश्न त्यामुळे मागे पडला आहे. ती कोणाच्या अंगणात आणि कोणाच्या देखरेखीखाली खेळतात, हा प्रश्न शिक्षक व पंचायत सदस्य यांनी विचारात घेण्याजोगा आहे.

सर्व्हर म्हणजे काय?

अनेकांनी एकाच वेळी एकाच जगात खेळावयाचे असेल, तर ते जग कोठे तरी जतन करावे लागते. कोणी कोठे ठोकळा ठेवला, कोणी काढला, याची नोंद ठेवून ती सर्वांना कळविणारा संगणक म्हणजे सर्व्हर. तलाठ्याच्या दप्तराशी त्याची तुलना करता येईल. जमीन अनेकांची असली तरी नोंद एका ठिकाणी असते आणि तीच प्रमाण मानली जाते.

परक्या सर्व्हरवर खेळणाऱ्या मुलाशी कोण संभाषण करतो, त्याची कोणती माहिती साठविली जाते आणि त्याने केलेली रचना उद्या शिल्लक राहील काय, हे दुसराच कोणी ठरवितो. शाळेने स्वतःचा सर्व्हर उभारल्यास हे तीनही निर्णय शाळेच्या हाती येतात.

दोन पर्याय

माइनक्राफ्टच्या ‘जावा’ आवृत्तीचा सर्व्हर चालविण्याची आज्ञावली तिच्या निर्मात्यांकडून विनामूल्य मिळते. मात्र प्रत्येक खेळाडूकडे विकत घेतलेला खेळ व स्वतंत्र खाते असावे लागते आणि त्या खात्याची पडताळणी इंटरनेटवरून होते.

दुसरा पर्याय ‘लुआंटी’ या मुक्त आज्ञावलीचा आहे. फिनलंडमधील पेर्टू आहोला यांनी २०१० मध्ये तिचा आरंभ केला. २०२४ पर्यंत ती ‘माइनटेस्ट’ या नावाने ओळखली जाई. तिला परवाना शुल्क नाही, खाते लागत नाही, आणि एकदा संगणकावर बसविल्यावर इंटरनेटचीही गरज उरत नाही. मर्यादित निधी असलेल्या शाळांना म्हणूनच हा पर्याय अधिक सोयीचा ठरतो.

उभारणीचे टप्पे

१. संगणक कक्षातील सर्व संगणक एकाच राउटरला किंवा स्विचला जोडलेले असावेत. त्यांतील सर्वांत सक्षम संगणक सर्व्हरसाठी निवडावा. दहा-पंधरा विद्यार्थ्यांच्या गटासाठी सर्वसाधारण संगणकही पुरतो.

२. सर्व संगणकांवर लुआंटीची एकच आवृत्ती बसवावी. २०२३ च्या अखेरीपासून मूळ आज्ञावलीसोबत खेळ दिला जात नाही. तो तिच्या संग्रहातून वेगळा उतरवून घ्यावा लागतो. शाळेत इंटरनेट नसल्यास हे काम अन्यत्र करून पेनड्राइव्हवर आणावे.

३. मुख्य संगणकावर नवे जग निर्माण करून ‘होस्ट सर्व्हर’ या चौकटीत खूण करावी. ‘क्रिएटिव्ह’ पद्धत निवडावी, म्हणजे साहित्य गोळा करण्यात तास खर्च होणार नाही. खेळाडूला इजा होण्याची सोय बंद ठेवावी.

४. अन्य संगणकांवरून मुख्य संगणकाचा अंतर्गत पत्ता (उदाहरणार्थ १९२.१६८.१.१०) आणि ३०००० हा पोर्ट क्रमांक देऊन प्रवेश करावा. प्रवेश न झाल्यास मुख्य संगणकाच्या फायरवॉलने लुआंटीला अटकाव केला आहे काय, ते प्रथम पाहावे.

५. रिकाम्या पासवर्डने प्रवेश होऊ देऊ नये. सर्व्हरची जाहीर यादीत नोंद करू नये. व्यवस्थापकाचे अधिकार शिक्षकाकडेच असावेत.

६. वीज अकस्मात गेल्यास जगाच्या नोंदी बिघडण्याचा संभव असतो. म्हणून मुख्य संगणकाला यूपीएसची जोड द्यावी, तास संपताच सर्व्हर रीतसर बंद करावा आणि जगाच्या फोल्डरची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी. मुलांचे महिन्याभराचे श्रम या प्रतीवर अवलंबून असतात.

शेततळ्याचा धडा

ठोकळ्याची प्रत्येक बाजू एक मीटर मानली, तर हा खेळ भूमितीचा उत्तम वर्ग होतो. सोलापूर जिल्ह्यातील मुलांना परिचित असलेले ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि ३ मीटर खोल शेततळे घ्या. पहिल्या थरात ३० × ३०, दुसऱ्यात २८ × २८ आणि तिसऱ्यात २६ × २६ ठोकळे काढल्यास एकूण २,३६० घनमीटर माती निघते. प्रत्यक्षात बाजूंचा उतार पायऱ्यांचा नसून सलग असतो. एकास एक उताराने तळ २४ × २४ मीटर उरतो आणि शेततळ्याचे घनफळ २,१९६ घनमीटर येते. हा १६४ घनमीटरचा, म्हणजे १ लाख ६४ हजार लिटरचा फरक कोठून आला, याचा शोध मुलांनीच घ्यावा.

येथे शिक्षकाने एक गोष्ट आवर्जून सांगितली पाहिजे. अशा खेळांत पाणी आटत नाही. तीन ठोकळ्यांच्या चरात दोन्ही टोकांना पाणी ओतले की मधला भागही भरतो, आणि तेथून कितीही उपसा केला तरी तो पुन्हा भरतो. पर्जन्यछायेतील जिल्ह्यात वाढणाऱ्या मुलांनी हा भ्रम खरा मानता कामा नये. बाष्पीभवन, पाझर आणि पिकाची गरज यांचा हिशेब वहीत मांडूनच हा धडा पूर्ण करावा.

गावाच्या नियोजनातही या साधनाचा उपयोग होऊ शकतो. संयुक्त राष्ट्रांच्या ‘यूएन-हॅबिटॅट’ या संस्थेने माइनक्राफ्टच्या निर्मात्यांसमवेत २०१२ मध्ये ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ हा उपक्रम सुरू केला. नेपाळमधील कीर्तिपूर येथे ‘दे पुखू’ या जुन्या तळ्याच्या परिसराचा आराखडा रहिवाशांनी या खेळात रचून दाखविला. नकाशा वाचता न येणाऱ्यासही अशी प्रतिकृती पाहून आपले मत मांडता येते. शाळेचे पटांगण, पाणवठा वा बाजारतळ यांच्या सुधारणेची प्रतिकृती विद्यार्थ्यांनी ग्रामसभेपुढे ठेवण्यास काहीच हरकत नसावी.

जबाबदारी आणि कायदा

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ अन्वये १८ वर्षांखालील व्यक्ती बालक मानली जाते व तिची माहिती हाताळण्यासाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे. सर्व्हरवर मुलांची खरी नावे न देता हजेरी क्रमांकासारखी खूण वापरणे त्या दृष्टीने हितावह होय. ऑनलाइन खेळांविषयीच्या २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळावयाच्या खेळांना बंदी घातली आहे. शाळेच्या सर्व्हरवर पैशाचा कोणताही व्यवहार नसावा, हे त्यावरून स्पष्ट व्हावे.

शाळा व्यवस्थापन समितीने आठवड्यातील तास, प्रवेशाचे नियम आणि देखरेख करणाऱ्या शिक्षकाचे नाव ठरावाने निश्चित करावे. एकाने रचलेले दुसऱ्याने न विचारता मोडू नये, हा पहिला नियम मुलांकडूनच लिहून घ्यावा. नियम मोडल्यास काय करावे, याचीही चर्चा त्यांनाच करू द्यावी. सार्वजनिक मालमत्ता जपण्याचा आणि मतभेद चर्चेने मिटविण्याचा पाठ त्यांना येथे आपोआप मिळेल.

माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोडचा वापर करण्याच्या त्यांच्या कामाची त्या वेळी विशेष दखल घेतली गेली. साधन लहान असले, तरी ते अभ्यासाशी जोडणारा शिक्षक लाभल्यास काय घडू शकते, हे त्यावरून दिसून आले. संगणक कक्ष असलेल्या शाळांनी एक मुख्य संगणक, एक पेनड्राइव्ह आणि आठवड्याचा एक तास एवढ्या सामग्रीवर या उपक्रमाचा आरंभ करावा, आणि आपल्या गावाचे पहिले शेततळे मुलांच्या हातून खोदून घ्यावे.