मिरचीची रोपं मिळतात, मेथीची का नाही?

प्रश्न : यंदा जूनमध्ये गॅलरीतल्या पाच-सहा कुंड्यांत भाजी लावायचं मनात आहे. नर्सरीत टोमॅटो, वांगी, मिरचीची रोपं रांगेनं मांडलेली होती. मेथी, कोथिंबीर, भेंडीचं रोप मात्र औषधालाही नाही. असं का? शेजारचे काका म्हणतात, सगळं बी पेरूनच वाढवावं, रोप आणणं म्हणजे आयत्या बिळावर नागोबा. नवख्यानं काय करावं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : काकांचं ऐकू नका, निदान मिरचीच्या बाबतीत तरी. तुमच्या कोड्याचं उत्तर मुळांत आहे, आणि थोडंसं नर्सरीवाल्याच्या हिशोबात.

टोमॅटो, वांगी, मिरची एकाच कुळातली. लावणी करताना त्यांची बारीक मुळं तुटली तरी नवी फुटतात. टोमॅटोच्या तर खोडालाही मुळं येतात, म्हणून खालची पानं खुडून रोप खोलवर लावलं की ते जास्तच जोर धरतं. मिरचीचं बी उगवायलाच आठ-दहा दिवस लागतात, लावणीजोगं रोप व्हायला महिना-सव्वा महिना. तेवढ्यात पाणी जरा जास्त झालं की इवलंसं रोप मातीलगत कुजून आडवं होतं. शेतकरी याला रोप कोलमडणं म्हणतात, आणि पावसाळी दमट हवेत ते फार होतं. शिवाय तुम्हाला झाडं हवीत चार. त्यासाठी एवढी उस्तवार कशाला?

मुळा-गाजराचं उलट. तिथे मूळच खायचं; त्याचं टोक दुखावलं की फाटे फुटतात. भेंडीलाही सोटमूळ हलवलेलं खपत नाही, आणि तिचं टपोरं बी आठवड्याभरात वर येतंच. कोथिंबीर जागा बदलली की रुसते, पानं धरायची सोडून फुलावर येते. मेथी तर महिन्याभरात उपटायची. एका जुडीत किती रोपं असतात ते एकदा मोजून पाहा; ती सुटी विकणारा आणि घेणारा, दोघंही वेडेच ठरतील! वाण्याकडची मेथी सरळ पेरा. धणे मात्र आधी हलक्या हातानं रगडा, कारण एका धण्यात दोन बिया असतात. मग रात्रभर भिजवून पेरा. उगवायला पंधरा दिवसही लागतात, तोवर कुंडी उकरून बघायचा मोह आवरा.

रोप घेताना बहुतेक जण फुलं-फळं लागलेलं उचलतात. छोट्या पिशवीतलं असं रोप म्हणजे बहुधा जून झालेलं, मुळं आत गोल गोल फिरलेली. त्यापेक्षा वीतभराचं, जाड खोडाचं, गर्द हिरवं निवडा. पान उलटून पाठ बघा. पांढरी माशी उडाली, किंवा मिरचीचा शेंडा चुरडलेला दिसला, तर फुकट दिलं तरी नको. तो रोग शेजारच्या कुंड्यांतही जातो. लावणी ऊन उतरल्यावर करा आणि पहिले तीन-चार दिवस कुंडी सावलीत ठेवा.

बियांच्या पाकिटावर चाचणीची तारीख, वैधता आणि उगवणीचा टक्का छापलेला असतो, तो वाचा. प्रमाणित बियाण्यासाठी किमान उगवण टोमॅटोला ७० टक्के, मिरचीला ६० धरलेली आहे. म्हणजे चार बियांतून चार झाडं निघतील अशी आशा सरकारलाही नाही. तेव्हा थोड्या जास्तीच्या पेरा. बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला औषध चोळलेलं आहे. हात धुवा, मुलांपासून लांब ठेवा.

पुढच्या वर्षी घरचंच बी वापरायचं असेल, तर नर्सरीतली बरीच रोपं संकरित असतात हे ध्यानात घ्या. त्यांच्या बियांपासून तशीच फळं येतील असं नाही. तिथे गावठी वाण हवं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना पद्मश्री मिळाली ती असं देशी बियाणं जपल्याबद्दलच. गॅलरीत सुरुवात घेवड्यानं करा. शेंगा वेलावरच खडखडीत वाळू द्यायच्या की झालं. वांग्याचं बी धरायचं असेल तर फळ पिवळं पडेपर्यंत तोडू नका. भाजीजोग्या कोवळ्या वांग्यातलं बी उगवत नाही.