वाचकांचे प्रश्न : छप्पर वाचनालयाचं, जागा कुणाची?

प्रश्न : आमचं गावचं ‘ब’ वर्ग वाचनालय. 1978 साली एका सद्गृहस्थांनी तोंडी दिलेल्या जागेवर वर्गणी काढून इमारत बांधली. आता पत्रे गळतात, पावसाळ्यात कपाटांवर ताडपत्री टाकावी लागते. परिरक्षण अनुदानातून नवी इमारत बांधता येईल का? की वेगळं अनुदान असतं? इतक्या वर्षांच्या वहिवाटीने जागा आमचीच झाली ना?
– कार्यवाह, सातारा जिल्हा

उत्तर : शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण गाडी अडणार ती तिथेच. जागा कागदोपत्री तुमची झालेली नाही. स्थावर मिळकतीचं दान नोंदणीकृत दस्तानेच होतं (मालमत्ता हस्तांतरण कायदा, कलम 123). बारा वर्षांच्या वहिवाटीच्या नियमावरही विसंबू नका. जागा नुसती वापरायला दिली असेल, तर तुम्ही मालकाच्या संमतीने तिथे आहात, त्याचा हक्क झुगारून नव्हे. संमतीने पक्कं बांधकाम केलं असेल, तर सुविधाधिकार कायद्याच्या कलम 60 मुळे वारस तुम्हाला सहजी उठवू शकत नाहीत, एवढा दिलासा आहे. पण त्यावर अनुदानाची फाइल हलायची नाही. सगळ्या वारसांना एकत्र बसवून बक्षीसपत्र किंवा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा नोंदवून घ्या. पुण्याला असलेला धाकटा भाऊ सही करील नंतर, असं म्हणून पुढे जाऊ नका.

परिरक्षण अनुदान पगार, ग्रंथखरेदी अशा चालू खर्चाचं. त्यातून इमारत उभी केलीत, तर लेखापरीक्षक बोट ठेवणारच.

इमारतीसाठी दोन दारं आहेत. राज्याच्या 1967 च्या ग्रंथालय कायद्याखालील 1970 च्या नियमांत इमारत आणि साधनसामग्रीच्या अनुदानाची तरतूद आहे. दुसरं दार कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानचं, 1972 मध्ये स्थापन झालेलं. दोन्हींसाठी आधी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना भेटा. जागेचे कागद, नकाशा, अभियंत्याचं अंदाजपत्रक, कार्यकारिणीचा ठराव आणि लेखापरीक्षित हिशेब तयार ठेवा. संस्थेचा वाटाही हाताशी हवा. तो कर्ज काढून उभा करायचा विचार असेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याप्रमाणे धर्मादाय आयुक्तांची परवानगी आधी घ्यावी लागते.

मंजुरीपूर्वी नव्या इमारतीचा पाया खणू नका. पत्रे मात्र या पावसाळ्याआधी वर्गणीतून बदला, आणि ती बिलं इमारतीच्या प्रस्तावात घालू नका.