गावपळण

मुलांनो, सुट्टी लागली की तुम्ही गावाला जाता. पण सगळे गावच घरदार सोडून निघाले तर? अशी गंमत खरोखर घडते. कोठे, ते पाहू या.

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यात आचरा हे गाव आहे. एका बाजूला समुद्र, जवळच खाडी आणि जिकडेतिकडे माडांची झाडे. रामेश्वर हे गावचे दैवत. येथे दर चार-पाच वर्षांनी गावपळण होते. २०१९ आणि २०२४ या दोन्ही वर्षी ती डिसेंबर महिन्यात झाली.

आधी गावकरी रामेश्वराचा कौल घेतात. कौल म्हणजे देवाची परवानगी, असे ते मानतात. दिवस ठरला की एकच धांदल उडते. वेशीबाहेर झोपड्या उभ्या राहतात. तांदूळ, भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण यांची गाठोडी बांधली जातात. मग घरे बंद करून सारे निघतात. म्हातारी आजी निघते, तान्हे बाळ निघते. गाईगुरे, कोंबड्या, कुत्रीसुद्धा निघतात. मागे उरते ती फक्त शांतता!

तीन दिवस आणि तीन रात्री सगळे वेशीबाहेर राहतात. तीन दगडांच्या चुलीवर भात शिजतो. रात्री भजने रंगतात, फुगड्या होतात. ज्याचा मोठा बंगला आहे, तोही झोपडीत राहतो आणि ज्याचे घर लहान आहे, तोही झोपडीतच राहतो. सर्व जातिधर्मांचे लोक यात सामील होतात. एरवी ज्यांना बोलायला वेळ नसतो, ते शेजारी बसून जेवतात. तेवढे दिवस गावालाही विश्रांती मिळते, असे गावकरी सांगतात. मग पुन्हा कौल घेतात. कौल मिळाला की सारे घरी परततात. नाही मिळाला, तर मुक्काम वाढतो.

आपल्याकडची कितीतरी माणसे आज दूरदेशी राहतात. न्यूझीलंडमधील ऑकलंड शहरात सँडरिंगहॅम नावाचा भाग आहे. तेथे भारतीय वस्तूंची पुष्कळ दुकाने आहेत. तांदूळ, डाळी, मसाले, सारे काही मिळते. पण गावपळण काही दुकानात मिळत नाही! डिसेंबरमध्ये तेथे उन्हाळा असतो आणि त्याच महिन्यात शाळांना मोठी सुट्टी लागते. तेथल्या एखाद्या मुलाला गावपळणीला यावेसे वाटले, तर विमानाचे तिकीट कधीचे काढायचे? दिवस तर कौलावर ठरतो! त्याला वाटच पाहावी लागेल.

तुम्हांलाही गावपळण पाहावीशी वाटते ना? मग एक लक्षात ठेवा. त्या दिवसांत गावात पाऊल टाकायचे नाही. वेशीबाहेरच्या झोपड्यांकडे जायचे. तेथे कोणीतरी मालवणीत नक्की म्हणेल, "येवा, बसा!"

आता सांगा, तीन दिवसांसाठी घर सोडायचे झाले, तर तुम्ही बरोबर काय काय घ्याल? आणि शेजारच्या झोपडीत कोण असावे, असे तुम्हांला वाटते?