घोड्याचे आजार : लक्षणे ओळखा, नेमक्या शब्दांत सांगा

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरीच्या खिंडीत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनोबत प्रतापराव गुजर व त्यांचे सहा सहकारी यांनी बहलोलखानाच्या सैन्यावर घोडे घातले आणि तेथेच त्यांना वीरमरण आले. त्या काळी घोड्याची जोपासना हे राज्यरक्षणाचेच एक अंग होते. आता घोडदळ राहिले नाही. वरातीचा घोडा, मेंढपाळाचे बिऱ्हाड वाहणारे तट्टू, हौसेने बाळगलेली एखादी घोडी एवढीच ही जनावरे खेडोपाडी दिसतात. जनावर कमी झाले, तसे त्याविषयीचे ज्ञानही मागे पडले. परिणामी, गोठ्यातील बैलाला जे लागू पडते तेच घोड्यालाही लागू पडेल, अशी समजूत होऊन बसते. ही समजूत अनेकदा घोड्याच्या जिवावर बेतते.

घोडा रवंथ करीत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते व अन्ननलिका जठरास मिळते तेथील स्नायू इतका घट्ट असतो की घोड्याला वांती होत नाही. पोटात गेलेले बाधक अन्न वा साठलेला वायू तोंडावाटे बाहेर पडण्यास वाटच नसते. म्हणून बैलाची पोटफुगी आणि घोड्याची पोटदुखी हे दोन वेगळे विकार होत व त्यांचे उपायही वेगळे आहेत.

निरोगी घोड्याची मोजमापे

आजार ओळखावयाचा तर आधी आरोग्य ओळखता आले पाहिजे. विश्रांती घेत असलेल्या प्रौढ घोड्याची पुढील मोजमापे ग्रामपातळीवरील प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावीत.

तापमान : ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे ९९.५ ते १०१.३ अंश फॅरनहाइट. तापमापक गुदद्वारात ठेवून ते पाहावे. मोजणाऱ्याने घोड्याच्या पाठीमागे उभे न राहता बाजूस उभे राहावे.

नाडी : मिनिटाला २८ ते ४४ ठोके. खालच्या जबड्याच्या कडेवर आतील बाजूने बोटे ठेवल्यास धमनी हातास लागते.

श्वसन : मिनिटाला ८ ते १६. कुशीची हालचाल पाहून श्वास मोजावेत.

हिरड्या : फिकट गुलाबी व ओलसर. बोटाने दाबून सोडल्यावर पांढरा पडलेला डाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाला पाहिजे.

शिंगराचे तापमान, नाडी व श्वसन ही तिन्ही प्रौढ घोड्यापेक्षा अधिक असतात. धावून आलेल्या घोड्याची मोजणी त्याला पुरती विश्रांती दिल्यावरच करावी.

पोटशूळ

घोड्याच्या आजारांत पोटशुळाइतका घाईचा आजार क्वचितच आढळेल. घोडा पुढील पायाने जमीन उकरतो, वळून वळून कुशीकडे पाहतो, घामाघूम होतो, खाली पडून लोळतो, लीद टाकीत नाही. एकदम जास्त चंदी खाणे, वैरणीत अचानक बदल, पाणी कमी पडणे, वैरणीबरोबर माती व वाळू पोटात जाणे, जंत व आतड्यास पीळ पडणे ही त्याची प्रमुख कारणे होत.

अशा वेळी दावण रिकामी करावी. घोडा लोळू पाहत असेल तर त्यास सावकाश फिरवावे, मात्र दमेपर्यंत चालवू नये. बैलाला पाजतात त्याप्रमाणे नळ्याने तेल किंवा काढा घोड्याला कदापि पाजू नये. ते फुप्फुसात उतरून घोडा दगावू शकतो. माणसाची वेदनाशामक औषधेही देऊ नयेत. नाडी ६० च्या वर गेली, हिरड्या काळपट वा निळसर दिसू लागल्या, तर क्षणाचाही विलंब न लावता पशुवैद्यकास बोलवावे.

खुरांचे विकार

पावसाळ्यात नेसरीसारख्या भागात तबेला सतत ओला राहतो. चिखलात व लिदीत उभे राहून खुराच्या तळव्यातील त्रिकोणी मऊ भाग सडतो, काळा पडतो व त्यास दुर्गंधी येते. खुरे रोज साफ करणे व उभे राहण्याची जागा कोरडी ठेवणे हाच त्यावरील मुख्य उपाय होय. नाल मारलेली असो वा नसो, सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खुरे छाटून घ्यावीत.

धान्याच्या पोत्यात तोंड घालून घोड्याने भरमसाट धान्य खाल्ले, तर एकदोन दिवसांत खुराच्या आतील पापुद्र्यांचा दाह होण्याचा संभव असतो. खुरे गरम लागतात, घोडा पुढचे पाय पुढे टाकून भार मागे घेतो व चालण्यास नाखूष असतो. यास लॅमिनायटिस म्हणतात. पाय दुखतात म्हणून बळेच चालविल्यास विकार वाढतो. त्यास मऊ अंथरुणावर उभे करून लगेच पशुवैद्यक आणावा.

धनुर्वात

खिळा रुतल्याने झालेली लहानशी जखमही घोड्यास घातक ठरते, कारण धनुर्वाताची बाधा त्याला अतिशय लवकर होते. कान ताठ होणे, शेपूट उचललेली राहणे, जबडा न उघडणे आणि डोळ्याच्या आतील कोपऱ्यातून तिसरी पापणी वर येणे ही त्याची खूण होय. रोग जडल्यावर घोडा वाचणे कठीण असते. लस मात्र उपलब्ध आहे. ती आगाऊ टोचून घ्यावी आणि प्रत्येक जखम धुऊन त्याच दिवशी दाखवावी.

सर्रा व ग्लँडर्स

सर्रा हा रोग चावऱ्या माश्यांमार्फत पसरतो. त्याचा परजीवी ग्रिफिथ इव्हान्स यांनी १८८० साली हिंदुस्थानातच घोड्यांच्या व उंटांच्या रक्तात शोधून काढला. थांबून थांबून येणारा ताप, फिकट हिरड्या, पाय व पोटाखाली सूज, आणि खाऊनही खंगत जाणे ही त्याची लक्षणे. वेळीच रक्ततपासणी झाल्यास त्यावर औषधोपचार करता येतो.

ग्लँडर्समध्ये नाकातून चिकट पुवासारखा स्राव येतो, नाकात व्रण होतात, पायांवर गाठी उठून फुटतात. हा रोग माणसालाही जडतो व त्यास प्रतिबंधक लस नाही. संशय येताच घोडा वेगळा बांधावा, उघड्या हाताने स्पर्श करू नये व पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. २००९ च्या केंद्रीय अधिनियमानुसार हे कळविणे मालकाचे कर्तव्य आहे. रोग सिद्ध झालेले जनावर वेदना न होऊ देता नष्ट करावे लागते व मालकास भरपाईची तरतूद आहे. भरपाई मिळो न मिळो, या भीतीने रोग लपविणाऱ्याने आपल्या मुलाबाळांचा जीव धोक्यात घातला असे समजावे.

निरोप कसा द्यावा

“घोडा आजारी आहे, लवकर या,” एवढ्या निरोपावरून पशुवैद्यकास काहीच बोध होत नाही. याउलट पुढील निरोप पाहावा : “घोडी, वय ८ वर्षे. काल रात्री हरभरा जास्त खाल्ला. पहाटेपासून लीद नाही, लोळते. नाडी ५६, श्वास २०, तापमान ३८.२. हिरड्या गुलाबी.” एवढे कळले की काय घेऊन निघावे व किती त्वरा करावी हे पशुवैद्यकास निघण्यापूर्वीच ठरविता येते. जवळ दवाखाना नसल्यास १९६२ या निःशुल्क क्रमांकावर हाच मजकूर सांगावा.

ज्या घरी घोडा आहे तेथे तापमापक व सेकंदकाटा असलेले घड्याळ असावे. घोडा निरोगी असताना आठवड्यातून एकदा ही मोजणी करून वहीत टिपून ठेवावी. मग आजाराच्या दिवशी हात चाचपडणार नाही आणि घोड्याच्या मुक्या वेदनेला योग्य वेळी शब्द मिळतील.