दुधाच्या खाड्यांशेजारचा ठिपका

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. गेल्या ५ सप्टेंबरला तिला पहिल्यांदा पाळी आली. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मी दुधाचे खाडे आणि सिलिंडरची तारीख लिहिते, तिथेच एक बारीक ठिपका देत गेले. नंतरच्या तारखा अशा : १७ ऑक्टोबर, ८ नोव्हेंबर, २ जानेवारी, ८ फेब्रुवारी आणि १४ मार्च. एकदाही महिन्याला महिना जुळला नाही. शेजारच्या वहिनी म्हणतात, ‘पीसीओडी असेल, सोनोग्राफी करून घ्या.’ सासूबाई म्हणतात, ‘बिनलग्नाच्या पोरीला बायकांच्या डॉक्टरकडे नेलं तर चार लोक काय म्हणतील? आणि कॅलेंडरवर देवाच्या तिथी असतात, तिथे असलं काही लिहू नये.’ माझं विचारणं एवढंच, की मासिक म्हणतात ती पाळी माझ्या मुलीला महिन्याला का येत नाही? डॉक्टरकडे कधी न्यायचं? आणि तिथे तपासतात तरी काय?
– एक आई, जि. सांगली

उत्तर : ताई, तुमचं पत्र वाचल्यावर मी आधी कागद घेऊन तुमचे ठिपके मोजले. रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस धरायचा आणि पुढची पाळी सुरू होईपर्यंत मोजायचं. पाळी संपल्यापासून मोजण्याची चूक पुष्कळ जणी करतात. तुमच्या मुलीचं अंतर निघालं ४२, २२, ५५, ३७ आणि ३४ दिवस.

मोठ्या बाईची पाळी साधारण २१ ते ३५ दिवसांनी येते. मुलींना पहिली दोन-तीन वर्षं २१ ते ४५ दिवस एवढी मोकळीक द्यावी लागते. ५५ दिवसांचा खंड मोठा दिसतो, पण पहिल्या वर्षात एखाद्या वेळी असं होतं. शेवटची दोन अंतरं पाहा, ३७ आणि ३४. गाडी हळूहळू रुळावर येते आहे. नुसत्या तारखांवरून पाहिलं तर तुमच्या मुलीच्या बाबतीत मला आज काळजीचं कारण दिसत नाही.

आता ‘का’ याचं उत्तर. पाळी गर्भाशयातून येते, पण तिचा हुकूम सुटतो मेंदूतून. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. ती बीजकोशांना निरोप पाठवते. बीजकोश इस्ट्रोजेन तयार करतात, त्यामुळे गर्भाशयाच्या आतलं अस्तर जाड होत जातं. मग बीज सुटतं आणि प्रोजेस्टेरॉन हे दुसरं संप्रेरक तयार होऊन ते अस्तर धरून ठेवतं. गर्भ राहिला नाही, की साधारण दोन आठवड्यांत हा आधार सुटतो, अस्तर गळून पडतं, तीच पाळी. नव्याने जुंपलेली बैलजोडी पहिले काही दिवस एका पावलाने चालत नाही. मेंदू आणि बीजकोश यांचंही तसंच आहे. सुरुवातीच्या बऱ्याच महिन्यांत बीज सुटतच नाही. प्रोजेस्टेरॉन नसल्यामुळे अस्तर वाढत राहतं आणि आपल्या सवडीने गळतं, कधी बाविसाव्या दिवशी तर कधी पंचावन्नाव्या. दोन-तीन वर्षांत बहुतेक मुलींची ही जोडी एका लयीत चालू लागते.

म्हणूनच वहिनींच्या सोनोग्राफीची आज गरज नाही. या वयात बीजकोशात बारीक बारीक पुटकुळ्या दिसणं स्वाभाविक आहे. रिपोर्टवर ‘पॉलिसिस्टिक’ असा शब्द येतो आणि तेरा-चौदा वर्षांच्या पोरीच्या कपाळी आजाराचा शिक्का बसतो. ‘हिला मूल होईल ना?’ हा प्रश्न घरात तेव्हापासूनच सुरू होतो. पीसीओडीबद्दलच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना स्पष्ट सांगतात, की पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांपर्यंत त्याचं निदान सोनोग्राफीवरून करू नये. किशोरवयात ते ठरवायला दोन गोष्टी लागतात : वयाच्या मानाने फार अनियमित पाळी, आणि चेहऱ्यावर राठ केस किंवा औषधांना दाद न देणारे मुरुम अशी पुरुषी संप्रेरकं वाढल्याची खूण, किंवा रक्ततपासणीत दिसलेला तसा पुरावा.

पण ताई, तुमच्या पत्रात एक गोष्ट नाही. तुम्ही तारखा लिहिल्यात, किती जातं ते लिहिलं नाही. यात तुमचा दोष नाही. पाळी कधी येते याची चिंता सगळं घर करतं. किती जाते हे मुलीला कुणी विचारत नाही.

काही वर्षांपूर्वी माझ्या ओपीडीत नववीतली एक मुलगी आली होती. शाळेत प्रार्थनेला उभी असताना तिला दोनदा चक्कर आली होती. नखं पांढरी, ओठ पांढरे. आई म्हणाली, ‘काही खात नाही हो ही.’ पाळी कशी आहे विचारलं तर म्हणाली, ‘अगदी तारखेला येते.’ मी मुलीला विचारलं, दिवसाला किती पॅड लागतात? ती खाली मान घालून म्हणाली, ‘आठ. रात्री दोन एकदम लावते आणि गादीवर जुन्या साडीची घडी घालून झोपते.’ आठ-नऊ दिवस हे असं चालायचं. हिमोग्लोबिन निघालं ६. या वयात ते निदान १२ हवं. दाखल करून रक्त द्यावं लागलं. आई मात्र सारखी म्हणत होती, ‘आमच्याकडे सगळ्यांचंच असं असतं. माझंही असंच, माझ्या बहिणीचंही असंच.’ त्याच वाक्यात निदान होतं. पुढच्या तपासण्यांत कळलं, की त्या घराण्यातच रक्त नीट न गोठण्याचा दोष आहे.

या दोषाचा इतिहासही एका मुलीपासूनच सुरू होतो. १९२४ साली फिनलंडमध्ये ओलांड बेटांवरची पाच वर्षांची एक मुलगी हेलसिंकीच्या रुग्णालयात आणली गेली. तिच्या घरात अनेकांना रक्तस्रावाचा त्रास होता. एरिक फॉन विलेब्रांड या डॉक्टरांनी तिचा आणि तिच्या घराण्याचा अभ्यास करून १९२६ साली हा आजार जगापुढे मांडला. आज तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. ती मुलगी तेराव्या वर्षी गेली, आपल्या चौथ्या पाळीच्या रक्तस्रावाने. तेव्हा औषधं नव्हती, आज आहेत. रक्तस्राव आटोक्यात आणणाऱ्या गोळ्या आहेत, पाळी ताब्यात ठेवणाऱ्या संप्रेरकांच्या गोळ्या आहेत. दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांना लोक ‘गर्भनिरोधक’ म्हणून ओळखतात, त्यामुळे आया दचकतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतल्या तर पुढे मूल होण्यात त्यांची आडकाठी येत नाही. माझी ती पेशंट आज न चुकता कॉलेजला जाते.

जास्त जाणाऱ्या पाळीतून सगळ्यात मुकाट्याने येतो तो रक्तक्षय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी सुमारे ५९ टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी त्यासाठीच असते. शौचाला काळं होतं म्हणून मुली ती फेकून देतात. काळं होणं हा लोहाचा रंग आहे, अपाय नाही. गोळी जेवणानंतर घ्यावी, लगेच वर चहा पिऊ नये, ताटात लिंबू असावं. मात्र रक्त एकदा कमी झालं असेल तर आठवड्याची गोळी किंवा बीट-गुळावर भागत नाही. डॉक्टर सांगतील तेवढे महिने रोजचं औषध लागतं.

डॉक्टरकडे कधी न्यायचं, ते कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठेवा :

– १५ वर्षं पूर्ण झाली तरी पाळी आली नाही, किंवा १३ पर्यंत छातीची वाढच सुरू झाली नाही.
– पाळी आलेली नाही, पण दर महिन्याला ओटीपोटात कळा येतात. क्वचित रक्ताची वाट जन्मतः बंद असते आणि ते आत साठत जातं.
– दोन पाळ्यांमध्ये एकदा जरी ९० दिवसांहून जास्त अंतर पडलं.
– वारंवार २१ दिवसांच्या आत पाळी येते.
– रक्तस्राव ७ दिवसांहून जास्त चालतो, दर एक-दोन तासांनी पॅड भिजतं किंवा मोठ्या गाठी पडतात.
– नियमित झालेली पाळी पुन्हा बिघडली.
– दुखण्यामुळे शाळा बुडते.

तिथे काय तपासतात? सगळ्यात मोठी तपासणी म्हणजे बोलणं. मग उंची, वजन, रक्तदाब, गळ्याची थायरॉइड ग्रंथी आणि पोट हाताने पाहणं. गरज वाटली तर रक्त तपासतात : हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि लक्षणांनुसार आणखी काही. या वयात आतून तपासण्याची गरज सहसा पडतच नाही. सोनोग्राफी लागलीच तर लघवी भरलेली असताना पोटावरून करतात. मुलीशी थोडा वेळ एकटीने बोलायचं आहे असं डॉक्टर म्हणाले, तर मनाला लावून घेऊ नका, बाहेर बसा. आईसमोर जे ओठांवर येत नाही, कुणी अंगाला हात लावल्याचं दुःखसुद्धा, ते तिथे सांगता येतं. पाळी चुकली असताना गरोदरपणाची शक्यताही डॉक्टरांना विचारावीच लागते. ते त्यांचं काम आहे, तुमच्या मुलीवरचा संशय नाही.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि एवढं सांगा, की बायकांचा डॉक्टर फक्त बाळंतपणाचा नसतो. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ साली डॉक्टरांना लिहून कळवलं, की मुलीची नाडी आणि रक्तदाब पाहता तशीच पाळीचीही चौकशी करा, कारण पाळी तिच्या सगळ्या तब्येतीची खबर देते. तो ठिपका म्हणजे मुलीची नाडी आहे. तिथीशेजारी तो शोभतोच. मुलीला संकोच वाटत असेल तर तिच्या दप्तरात छोटी वही असू द्या, ठिपका तिनेच द्यावा. फक्त त्याच्यापुढे आजपासून तीन आकडे वाढवा : किती दिवस गेली, सगळ्यात जास्त गेली त्या दिवशी किती पॅड किंवा कापडं लागली आणि शाळेचे किती खाडे झाले.

प्रश्न : मी दहावीत आहे. पाळीच्या पहिल्या दिवशी माझं पोट इतकं दुखतं, की वर्गात बसवत नाही, कधी उलटी होते. आजी म्हणते, गोळी घेतली तर गर्भाशय खराब होतं, सोसायला शिक. खरंच गोळी घेऊ नये का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : बाळ, गोळीने गर्भाशय खराब होत नाही. आजी मायेने सांगते, पण तिच्या वेळी हे कुणी तिला समजावलं नव्हतं. पाळीच्या वेळी गर्भाशयाच्या अस्तरातून प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं सुटतात. ती गर्भाशयाला पिळतात, म्हणून कळा येतात. तीच द्रव्यं पोटात कालवाकालव करतात, म्हणून उलटी-जुलाब होतात. मेफेनॅमिक अॅसिड किंवा आयब्युप्रोफेन ही औषधं ही द्रव्यं तयार होण्यावरच आळा घालतात. म्हणून ती कळ असह्य होईपर्यंत थांबून घेण्यापेक्षा दुखायला लागताच घेतली तर जास्त उपयोगी पडतात. एकदा डॉक्टरांना दाखवून तुझ्या वजनाला किती मात्रा ते ठरवून घे. दमा, आम्लपित्त किंवा कशाची अॅलर्जी असेल तर आधीच सांग. गोळी खाल्ल्यावर घे, पहिले दोन-तीन दिवसच घे आणि अंगावर पुरळ उठलं तर लगेच बंद करून डॉक्टरांकडे जा. सोबत गरम पाण्याची पिशवी ओटीपोटावर ठेव. एरवी रोज खेळायला जात असशील तर पाळीतही जा, त्याने अपाय होत नाही. डोक्यावरून अंघोळ केली तरी चालते.

तीन महिने गोळी नीट घेऊनही दुखणं तसंच राहिलं, तर मात्र पुन्हा डॉक्टरांकडे जा. गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो, त्या आजाराला एंडोमेट्रिऑसिस म्हणतात. तो किशोरवयातही होतो, आणि ‘सगळ्यांनाच दुखतं’ या एका वाक्यापायी त्याचं निदान कित्येक वर्षं लांबतं.

घरून न्यायला कुणी तयार नसेल तर आशाताईंना किंवा शाळेतल्या बाईंना सांग. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीन मुलामुलींसाठी ‘मैत्री’ क्लिनिक चालतं, तिथेही बोलता येतं. आणि हे उत्तर आजीला वाचून दाखव.

वाचणाऱ्या सगळ्या आयांना, आज्यांना आणि वडिलांनाही माझी विनंती आहे. पुढच्या वेळी पोरीला ‘आली का?’ एवढंच विचारून थांबू नका. ‘किती जातंय?’ हेही विचारा.