कॅन्सरच्या पेशंटची किडनी: बीडकरांना किती खर्च येतो?

किडनीची पहिली तपासणीच सगळ्यात स्वस्त आहे. क्रिएटिनिन ही रक्ताची तपासणी खासगी लॅबमध्ये साधारण शंभर ते तीनशे रुपयांत होते, लघवीची साधी तपासणीही तेवढ्यातच. सोनोग्राफीला हजार-पंधराशे. बीडच्या जिल्हा रुग्णालयात पैसे लागू नयेत. सार्वजनिक आरोग्य विभागाचे दवाखाने 15 ऑगस्ट 2023 पासून निःशुल्क आहेत. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येतं, तिथे माफक शुल्क पडतं.

सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध किडनीला बाधू शकतं. म्हणून प्रत्येक डोसच्या आधी डॉक्टरांना सरळ विचारा, ‘क्रिएटिनिन किती आलं?’ त्या औषधाच्या आगेमागे लावलेलं सलाईन किडनी जपण्यासाठीच असतं; संध्याकाळची एसटी चुकेल म्हणून ते अर्ध्यात काढायला लावू नका.

गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची गाठ मूत्रवाहिनी दाबू शकते, मग लघवी अडते. इथे स्टेंट किंवा पाठीतून नळी टाकून पुष्कळदा डायलिसिस टळतं. मायलोमा हा अस्थिमज्जेचा कॅन्सर मात्र लपून राहतो. पन्नाशीनंतर कंबरदुखी, रक्त कमी आणि क्रिएटिनिन वाढलेलं, हे तिन्ही एकदम दिसलं तर फ्री लाइट चेन तपासणीबद्दल विचारा. खर्च तीन ते सहा हजार. आपल्याकडे ऊसतोडीच्या माणसाची कंबरदुखी मोळीच्या नावावर खपते आणि मेडिकलमधून डायक्लोफिनॅक येतं. दुखावलेल्या किडनीला ते विषासारखंच.

डायलिसिस खासगीत एका वेळेला दीड ते तीन हजार, आठवड्यातून दोन-तीनदा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत उपचार कॅशलेस आहेत. पण आधी खिशातून भरलेलं बिल योजना परत देत नाही, हे माझ्या मते लोकांना सगळ्यात महागात पडतं. आधारवर कौशल्या आणि रेशनकार्डावर कौसाबाई असं असेल तर नाव आजच दुरुस्त करा. मंजुरी अशाच ठिकाणी अडते. कॅन्सरच्या पेशंटला एसटीच्या भाड्यात 75 टक्के सवलत आहे, तिचा दाखला उपचार चालू असलेल्या दवाखान्यातून घ्या.

दसऱ्यानंतर ऊसतोडीची टोळी कारखान्याला निघण्याआधी क्रिएटिनिन करून घ्या, रिपोर्ट सोबत ठेवा. सांगली-कोल्हापूरकडे गेलात तरी योजनेतल्या दवाखान्यात हीच योजना चालते; कर्नाटकात गेलात तर आयुष्मान कार्ड लागेल. कुठेही ॲडमिट होताना अनामत भरण्याआधी योजनेच्या आरोग्यमित्राला गाठा, नाहीतर 155388 वर फोन करा.